माणसांचा हिशेब

व्यापारी घरात जमाखर्चाची वही दर दिवाळीला पूजेला मांडली जाते. परंतु तो व्यापार उभा ठेवणाऱ्या माणसांची वही बहुधा मालकाच्या स्मरणातच असते. कोणी किती उचल घेतली, कोणाच्या मुलीचे लग्न ठरले, कोणाचे वय आता पोती उचलण्याचे राहिले नाही, हे सारे तोंडी चालते. मनुष्यबळ व्यवस्थापन ही तोंडी वही कागदावर आणण्याची विद्या होय.

आपल्याकडे या विद्येचे नाते प्रथम कारखान्याशी जडले. १९४८च्या कारखाने कायद्याने ५०० वा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. असे अधिकारी घडविण्यात १९३६ साली मुंबईत स्थापन झालेल्या, पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेचा मोठा वाटा होता. तिचेच एक संकुल आज तुळजापूरला आहे, तर धाराशिवच्या विद्यापीठ उपपरिसरात व्यवस्थापनशास्त्र शिकविले जाते.

अशा वर्गांत अनुभवी अधिकाऱ्याला शिक्षक म्हणून येण्याची वाट विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये अधिक मोकळी केली. किमान १५ वर्षांचा, वरिष्ठ पदापर्यंत पोहोचलेला अनुभव असेल, तर पीएच.डी. नसतानाही प्राध्यापकाचे काम करता येते. मुदत मात्र साधारणतः चार वर्षांहून अधिक नाही. म्हणजे हा स्थैर्याचा सौदा नव्हे. पगारवाढ, पदोन्नती, निवृत्ती यांची गणिते मागे ठेवून येणाऱ्याला काही द्यायची ओढ असावी लागते.

त्याने द्यावे ते काय? भरतीचे नमुने आणि मूल्यमापनाचे तक्ते पुस्तकातही सापडतात. एखाद्याला कामावरून कमी केल्याचे सांगताना समोरचा चेहरा कसा उतरतो, हे पुस्तकात नसते. धाराशिवच्या वर्गात बसलेल्या मुलाला बहुराष्ट्रीय कंपनीचे उदाहरण दूरचे वाटेल. अडत दुकान, डाळमिल, भूम-परंड्याकडील खव्याची भट्टी आणि कापडाची पेढी त्याच्या परिचयाची असतात.

तेथे एकच गणित पुरेसे आहे. मुनीमजींचा पगार महिना १३,००० रुपये, नोकरी २० वर्षांची. ग्रॅच्युइटीच्या सूत्राप्रमाणे १३,००० भागिले २६, म्हणजे दिवसाचे ५००. वर्षाला १५ दिवसांचे ७,५००. २० वर्षांचे दीड लाख रुपये. दहा वा अधिक माणसे कामाला असलेल्या पेढीत हा मुनीमजींचा हक्क आहे. पुष्कळ घरांत तो निरोपाच्या वेळी दिलेल्या पाकिटात, शेठजींच्या मर्जीनुसार, उरकला जातो. देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो; मात्र हक्काला उपकाराचे रूप येते आणि घेणाऱ्याची मान खाली जाते.

पेढीवर नऊच माणसे असतील, तर कायदा दाराबाहेर थांबतो. तेथे मालकाची दानत कामाला येते. ही सीमारेषा मुलाच्या लक्षात आणून देणे, हेच उद्योगातून आलेल्या शिक्षकाचे खरे काम.

व्यापारी कुटुंबे मुलांना हिशेब शिकण्यासाठी वाणिज्य शाखेत हौसेने धाडतात. सुट्टीत घरी आलेल्या मुलाने कधी विचारले, ‘मुनीमकाकांचे किती झाले?’ तर त्याला उद्धट ठरविण्याआधी वडीलधाऱ्यांनी वही उघडावी. त्याच्या शिक्षणाचा खर्च त्या दिवशी वसूल झाला, असे समजावे.