कूलर उघडताना

पुण्याच्या पूर्वेकडचे शिरूर आणि दौंड हे तालुके पर्जन्यछायेतले. इथला उन्हाळा कोरडा, म्हणूनच कूलर चांगला चालतो. पाण्याची वाफ होताना ती हवेतली उष्णता ओढून घेते, एवढंच त्याचं तंत्र. आमचं घर दौंडला, ताईचं शिरूरला. दोन्हीकडचे कूलर मीच बघतो.

दौंडच्या घरी खरा त्रास बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचा. यंदा माळ्यावरून कूलर उतरवला, तर गवत पांढरं पडून पापडासारखं कडक झालेलं. त्यातून हवा ओढलीच जात नाही. ते बदललं. पंप उघडून आतलं चक्र लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात भिजवलं आणि जुन्या टूथब्रशनं घासलं. वरच्या नळीची बुजलेली भोकं सुईनं मोकळी केली. गवताचा एखादा पट्टा जरी कोरडा राहिला, तरी तिथून गरम वारा आत येतो.

शिरूरचं दुखणं वेगळं. ताईचा फोन आला, "पंखा घूं घूं करतोय, फिरतच नाही रे."
"आधी पिन काढून ठेव. दाजींना हात लावू देऊ नकोस."

गेल्यावर पातं हातानं फिरवून पाहिलं. सहज फिरलं, म्हणजे बुश ठीक होता, संशय कंडेन्सरवर. पिन काढली तरी त्यात वीज साठलेली असू शकते, म्हणून तिथं मी थांबलो आणि वायरमनला बोलावलं. त्यानं तेवढ्याच मायक्रोफॅरडचा नवा कंडेन्सर बसवला, पंखा लगेच फिरला. बॉडी पत्र्याची असल्यानं अर्थिंगही तपासून घेतलं.

तरी ताईची तक्रार होतीच, "गार कमी, चिकचिकच जास्त."
"खिडक्या बंद ठेवल्यास तर ओल जाणार कुठून?"
समोरची खिडकी उघडली आणि फरक पडला. जूनमध्ये हवा दमट झाली, की मात्र कूलरकडून फार अपेक्षा ठेवू नये.

गवत, पंप, नळी, टाकी ही कामं घरी करण्याजोगी आहेत; वायरिंग आणि कंडेन्सर जाणकाराकडेच द्यावं. पाणी भरतानासुद्धा आधी पिन काढावी. आणि आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून, घासून, कोरडी ठेवाच. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो.