मुठीवरची झीज

आपल्या शाळेच्या स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने ‘जोपासलेला छंद’ हा विषय सुचविला, तेव्हा आम्हांस थोडा संकोच वाटला. आमचा छंद चाकूंचा. गेली 30 वर्षे आम्ही खिशात मावतील असे जुने चाकू, लहान सुऱ्या आणि वस्तरे जमवीत आलो आहोत. ज्या शाळेची सकाळ त्रिशरण-पंचशीलाने सुरू होते आणि जिथे पहिलेच शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे आहे, तिच्या स्मरणिकेत चाकूचे कौतुक कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देता यावे म्हणूनच हा लेख लिहिण्याचे ठरविले.

भगवान बुद्धांनी उपासकांसाठी जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यांत शस्त्रांचा व्यापार पहिला येतो. त्याच वेळी भिक्खूच्या अष्टपरिष्कारांत, म्हणजे जवळ बाळगावयाच्या आठ वस्तूंत, तीन चीवरे, भिक्षापात्र, सुई, कमरबंद आणि पाणी गाळण्याचे साधन यांच्यासोबत एक पातेही आहे. पाली भाषेत त्याला ‘वासि’ म्हणतात. म्हणजे धम्माने पाते नाकारलेले नाही. ते कोणाच्या हातात आहे आणि कशासाठी आहे, हे विचारले आहे. आपला कायदाही हाच भेद करतो. 1959 च्या शस्त्र अधिनियमाखालील नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचा चाकू शस्त्रांत मोडतो. परंतु घरकाम, शेती वा उद्योगासाठी घडविलेला चाकू त्यातून वगळला आहे. हिंदी चित्रपटांनी मात्र खटक्याचा रामपुरी गुंडाच्या हातात दिला आणि चाकू म्हटले की भय, असे समीकरण मनात बसले. आमच्या संग्रहात रामपुरी नाही.

आहे ते सारे या मातीतले. गोंडपिपरी तालुक्याच्या एका अंगाला वर्धा, दुसऱ्या अंगाला वैनगंगा आणि मध्ये शेती व जंगल. अशा मुलखात पात्यावाचून दिवस जात नाही. बांबू चिरून कामट्या काढणाऱ्या बुरडाची सुरी, कातडे कापणाऱ्या चांभाराची रापी, नाभिकाचा मुठीत मिटणारा वस्तरा, गुराख्याच्या कमरेचा चाकू, सुपारी कातरणारा अडकित्ता आणि मुलांच्या दप्तरातला पेन्सिल तासण्याचा घडीचा चाकू, अशी एकूण 41 पाती आमच्याकडे आहेत. बहुतेक आठवडी बाजारांतून, काही लोहारांकडून, तर काही लोकांनी आपण होऊन दिलेली.

या भागाचे लोखंडाशी नाते फार जुने आहे. नागपूर परिसरातील माहूरझरी व नायकुंड येथील उत्खननांत, सुमारे अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या महापाषाणयुगीन वसाहतींच्या अवशेषांत, लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या आणि खंजीर सापडले. नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीही मिळाली. आम्हांस सर्वांत मोह पडतो तो त्या काळच्या नखे कापण्याच्या नराणीचा. युद्धाच्या खंजिराशेजारी घरातली नराणीही मातीने जपून ठेवली. आपल्याकडे लोहारा आणि सुरजागड येथील लोहखनिजाची आज मोठी चर्चा असते. परंतु खाणीतले लोखंड माणसाच्या उपयोगी पडते ते कारागिराच्या हातातून गेल्यावरच.

आजचा गावचा लोहार ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचे पोलाद घेतो. भात्याने निखारे फुलवून तो ते तापवितो, ऐरणीवर ठोकून पाते ओढतो आणि धारेला पाणी देतो. पाणी देण्याची वेळ तो पोलादाच्या रंगावरून ओळखतो. क्षणभर लवकर झाले तर धार मऊ राहते, अति तापले तर पाते ठिसूळ होते. मग लाकडाची किंवा शिंगाची मूठ बसवून तिच्या तोंडाशी पितळेची सामी घालतो, म्हणजे मूठ चिरत नाही. फ्रान्सच्या सॅव्हॉय या डोंगरी प्रांतात 1890 साली ओपिनेल घराण्यातील एका तरुणाने अशाच साध्या लाकडी मुठीचा घडीचा चाकू घडविला. आज तो जगभर नावाने ओळखला जातो. आमच्या लोहाराच्या चाकूवर मात्र कोणाचेही नाव नसते.

अशा अनाम वस्तूंनाही मान मिळू शकतो, हे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात कळते. दिनकर केळकर यांनी आयुष्यभर हिंडून घरोघरीचे दिवे, अडकित्ते, भांडी जमविली आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे नाव त्या संग्रहाला दिले. तेथील अडकित्त्यांची दालने पाहून आम्ही ठरविले की, आपणही पात्याची नक्षी न पाहता मूठ पाहावयाची.

कारण मुठीत माणूस उरतो. बुरडाच्या सुरीच्या मुठीवर अंगठ्याच्या जागी खळगा पडला आहे. वस्तऱ्याचे पाते साणेवर झिजून निम्मे झाले आहे. संयुत्त निकायात वासल्याच्या दांड्याची उपमा येते. सुताराला आपल्या वासल्याच्या दांड्यावर बोटांच्या व अंगठ्याच्या खुणा दिसतात. आज किती झिजला, काल किती झिजला, हे त्यास सांगता येत नाही. झिजला आहे एवढे मात्र तो जाणतो. साधकाचे विकारही असेच दिसामासांनी झिजतात, असा तिचा आशय. आमच्या मते शिक्षणही असेच घडते. वसतिगृहात आलेल्या मुलाचा न्यूनगंड कोणत्या दिवशी गेला, हे कोणत्याही शिक्षकास सांगता येणार नाही.

आमच्या संग्रहात एक जागा रिकामी आहे. मेलेले जनावर ओढणे आणि ते सोलणे हे काम जातीने आमच्या पूर्वजांच्या माथी मारले होते. त्या कामाची सुरी घरोघरी असे. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी मृतमांस सोडा असा आदेश दिला. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला आणि त्यानंतर दोनच दिवसांनी, 16 ऑक्टोबरला, चंद्रपूरला धम्मदीक्षेचा सोहळा झाला. या साऱ्या वाटचालीत ती सुरी घरांतून नाहीशी झाली. संग्राहकाच्या लोभाने आम्ही ती पुष्कळ शोधली. अखेर एका वृद्ध बाईंनी आम्हांस थांबविले. “ते सुरी काऊन ठेवाची होती गुरुजी? सोडाची म्हणूनच त सोडली,” त्या म्हणाल्या. त्यानंतर आम्ही शोध थांबविला. बुरडाची सुरी जपावी, कारण तीत कौशल्य आहे. जे काम माणसाला माणूसपणच नाकारीत होते, त्याचे हत्यार आमच्या माणसांनी स्वतःच्या निर्धाराने टाकले. ते पुन्हा शोधून मखमलीवर मांडणे म्हणजे त्यांचा निर्धार मोडणे होय.

परंपरा जपा, असे सर्वत्र सांगितले जाते. कोणती जपावयाची आणि कोणती सोडावयाची, याचा विवेक मात्र ज्याने ती भोगली त्याच्याकडून शिकावा लागतो.

हा संग्रह आम्ही या वर्षी शाळेच्या स्वाधीन करीत आहोत. मुख्याध्यापकांनी कुलपाच्या काचपेटीची सोय केली आहे. आमची विनंती एवढीच की, मुठी पाहणाऱ्याच्या बाजूला असाव्यात, प्रत्येक पात्याखाली ते कोणत्या कामाचे हे लिहावे आणि 42 वी जागा रिकामी ठेवून तिच्याखाली 16 ऑक्टोबर 1956 ही तारीख लिहावी. माजी विद्यार्थ्यांच्या घरी आजोबा-आजींची अशी अवजारे असतील, तर ती भंगारात देण्यापूर्वी त्यांना एकदा विचारावे, हे कसे चालवीत होता? ते जे सांगतील ते लिहून शाळेकडे पाठवावे. अवजार नाही पाठविले तरी चालेल.