केसपेपरवरची एक ओळ

काही वर्षांपूर्वीची रात्र. एक तरुण बाई हात मोडून आली होती, सोबत सासू. "कशानं लागलं?" मी विचारलं. "जिन्यावरून पडली," सासूबाई म्हणाल्या. बाईनं फक्त मान हलवली. मी केसपेपरवर लिहिलं, 'रुग्णाच्या सांगण्यानुसार जिन्यावरून पडून दुखापत.'

दीड वर्षानं कोर्टाचं समन्स आलं. नवऱ्यानं काठीनं मारलं, अशी तिची साक्ष झाली होती. उलटतपासात बचाव पक्षाच्या वकिलांनी मला केसपेपर दाखवला.

"अक्षर तुमचंच?"

"हो. पण उत्तर सासूनं दिलं होतं."

"तसं इथे लिहिलंय?"

"नाही."

साक्षीदाराचं आधीचं लेखी विधान आताच्या साक्षीशी जुळत नसेल, तर त्यावरून त्याच्या विश्वासार्हतेला आव्हान देता येतं. पूर्वी हे नियम 1872 च्या पुरावा कायद्यात, कलम 145 आणि 155 मध्ये होते; 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 148 आणि 158 मध्ये आहेत. मात्र लेखी मजकुरावरून खोटं पाडायचं असेल, तर त्यातला नेमका भाग आधी साक्षीदाराच्या नजरेस आणावा लागतो. फेरतपासात त्याला खुलासाही करता येतो. एका विसंगतीनं सगळी साक्ष आपोआप बाद होत नाही. न्यायाधीश बाकीचा पुरावाही बघतात.

इथे तो पुरावा एक्स-रेमध्ये होता. हात टेकून पडल्यावर हाड बहुधा मनगटाजवळ मोडतं. तिचं करंगळीच्या बाजूचं हाड मधोमध मोडलं होतं. वार अडवायला हात वर केला की असं होऊ शकतं. सरकारी वकिलांनी विचारल्यावर मी ते सांगितलं. पण हा प्रश्न मला त्या रात्रीच पडायला हवा होता.

आता मी अशा वेळी नातेवाइकांना बाहेर बसवतो आणि माहिती कोणी दिली तेही लिहितो.

तुम्हालाही सांगणं एवढंच, दुखापत कशी झाली ते डॉक्टरांना खरं सांगा. भीतीपोटी आधी वेगळं सांगितलं असेल, तर पुन्हा येऊन सांगा. जुनी ओळ आम्ही खोडणार नाही. खाली तारीख-वेळ घालून नवी लिहू. तेव्हा गप्प का राहावं लागलं, तेही त्यात येईल.