न तुटणारा श्वास

न्यूमोनियातून उठल्यावर चार पायऱ्या चढतानाही दम लागत होता. चेंबूरला माहुलच्या बाजूने वारा आला की रिफायनरीचा वास येतो. खिडकी उघडायची की नाही, हा रोजचा प्रश्न. त्या दिवसांत मी भिकल्या लाडक्या धिंडा यांचं तारपावादन ऐकत पडून असायचे.

धिंडा जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे, वारली. वाडवडिलांकडून आलेलं तारपा हे वाद्य ते आयुष्यभर वाजवत आले. वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, सांध्यांना मेण, टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा. दुकानातून आणावं असं त्यात काहीच नाही. गालांत साठवलेली हवा फुंकत राहायची आणि त्याच वेळी नाकाने नवा श्वास घ्यायचा, म्हणून सूर तुटत नाही. सार्डिनिया बेटावरचं तीन नळ्यांचं लौनेद्दासही असंच वाजतं. इतक्या लांबच्या माणसांना एकच युक्ती साधली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

भात तयार झालं की तारपा घुमू लागतो. हात गुंफलेल्या नाचणाऱ्यांची साखळी वादकाभोवती फिरते. तो वळला की तीही वळते. वारली चित्रांतलं हे वेटोळं साड्यांवर, कपांवर, भिंतींवर पोहोचलं. मधे उभ्या असलेल्या वादकाचं नाव मात्र कोण विचारतं?

धिंडांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, 2026मध्ये पद्मश्री जाहीर झाली. मनापासून आनंद झाला.

तारपा शिकवताना आधी बोटं बसवतात की श्वास? भातकापणीच्या सुमारास जव्हारला जाऊन विचारायचं आहे.