दवाखान्याचे स्थळ

आमची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. दिवस मार्गशीर्षातले. त्यामुळे गेले पंधरा दिवस आमच्या धरमपेठेतल्या घरात चिवड्या-चकलीच्या बरोबरीने दवाखान्याची चर्चा चालू आहे. मुलीला स्थळ पाहावे तसे आम्ही दवाखाने पाहत हिंडतो आहोत. जाऊबाईंना लिफ्ट मोठी हवी. ह्यांना गाडी लावायला जागा हवी. शेजारच्या वहिनींनी एका दवाखान्याची शिफारस केली, ती तिथल्या साबुदाणावड्यावरून! एके ठिकाणी दर्शनी दालनात माशांची एवढी मोठी काचपेटी होती, की घरी आल्यावर सगळ्यांना मासे आठवत होते, डॉक्टरीणबाईंचा चेहरा काही केल्या आठवेना.

हसू नका. संत्री घेताना एकेक फळ हातात तोलून पाहणारे आपण लोक. पण जिथे नातवंड जन्मायचे त्या खोलीत हात धुवायला साबण असतो का, हे विचारायला आपली जीभ रेटत नाही. डॉक्टरांना काय वाटेल?

डॉक्टरांना काय वाटते, याची एक जुनी हकिकत आहे. १८४७ साली व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. आणि बाळंतज्वराने बायका अधिक मरत त्या डॉक्टरांच्या विभागात! इग्नाझ सेमेलवाइस नावाच्या तरुण डॉक्टराने दोन्हीकडचे आकडे शेजारी शेजारी मांडले. प्रेतांची चिरफाड केलेले हात तसेच बाळंतिणीला लागतात, हे त्याने हेरले आणि क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये शेकडा १८ बायका दगावत होत्या, जूनमध्ये शेकडा २. नवे औषध नाही, नवी इमारत नाही. तरीही पुष्कळ बड्या डॉक्टरांना राग आला. सभ्य माणसाचे हात घाणेरडे म्हणजे काय!

आमच्या नागपूरलाही हा वारसा आहे. कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी १९२१ साली मातृसेवा संघ काढला, तो चार खाटांच्या प्रसूतिगृहापासून. कमलाताई तरुणपणीच विधवा झालेल्या आणि परिचारिकेचे शिक्षण घेतलेल्या. त्या काळी बाळंतिणीच्या वाट्याला घरातली सर्वांत अंधारी खोली आणि टाकाऊ जुनेर यायचे. माझा जन्म सीताबर्डीवर मातृसेवा संघातलाच. आईला तिथली इमारत आठवत नसे. तिला आठवे ती कोपरापर्यंत हात धुऊन मगच खाटेजवळ येणारी बाई, आणि रात्री हाक मारली की येणारे कुणीतरी.

रात्रीचे मला फार वाटते. भंडारा इथून साठेक किलोमीटर. ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर तिथल्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली. १७ बाळांतली ७ बाहेर काढता आली, १० गेली. ऊब देण्यासाठी ज्यांना तिथे ठेवले होते, ती बाळे! मग राज्यभर रुग्णालयांच्या तपासणीचे आदेश निघाले. दहाच महिन्यांनी, ६ नोव्हेंबरला, ऐन भाऊबिजेच्या दिवशी, नगरच्या जिल्हा रुग्णालयात आग लागली आणि त्या दिवशी ११ रुग्ण गेले. कुणाच्या घरी ओवाळणीचे ताट तसेच राहिले असेल, हा विचार मला दर दिवाळीत येतो.

म्हणून यंदा मी कागदावर प्रश्न लिहून नेले. रात्री दोन वाजता खोलीत कोण असते? मागचे दार उघडते का? गेल्या वर्षी किती बाळांना जंतुसंसर्ग झाला? एका ठिकाणी स्वागतकक्षातल्या मुलीने भिंतीवरच्या एनएबीएच मानांकनाच्या चौकटीकडे बोट दाखवले. चौकट चांगलीच, पण ती रात्री उठून दार उघडणार आहे थोडीच! बाळंतपणाच्या खोलीत मला लेकीजवळ थांबू द्याल का, असे विचारले तर “तसा नियम नाही.” सरकारने २०१७ साली सरकारी प्रसूतिकक्षांसाठी ‘लक्ष्य’ योजना काढली, तिच्यात बाळंतिणीला सोबतीण असावी असे आहे. इथे पैसे मोजून सोबत मिळेना.

काल मात्र एका जुनाट, पंचवीस खाटांच्या दवाखान्यात गेलो. काचपेटी नाही, लिफ्ट कुरकुरते. तिथल्या वयस्क सिस्टरने माझा कागद वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाली, “या माझ्याबरोबर.” मागच्या दाराला कुलूप नव्हते. ते तिने स्वतः ढकलून दाखवले. अग्निशामक नळकांड्यावरची तारीख वाचायला लावली. मग नोंदवही काढली. जंतुसंसर्गाच्या रकान्यात मार्च महिन्यात दोन नावे होती. “त्यानंतर आम्ही टाकीपासून टॉवेलपर्यंत सगळे तपासले,” ती म्हणाली, “टॉवेल एकच होता सगळ्यांना. आता कागदी आहेत.”

जाऊबाई बाहेर आल्या त्या घाबऱ्याघुबऱ्या. “अगं, दोन बाळे आजारी पडली म्हणे इथे!”

लेक म्हणाली, “काकू, बाकीच्यांनी वहीच दाखवली नाही.” आणि तिने तिथेच नाव घातले.

हे अजून गाडी कुठे लावायची ते पाहत आहेत.