आईच्या वाट्याचा फोन

लग्नपत्रिकेवर पत्त्याखाली फोन नंबर आणि त्यापुढे 'पी.पी.' छापलेलं असायचं, ते दिवस आठवणारी माणसं आता पन्नाशीच्या आसपास आहेत. पी.पी. म्हणजे फोन शेजारच्यांचा, आपण फक्त हाकेला ओ द्यायची. साताऱ्याला आमच्या वाड्यात तो मान खालच्या काकूंचा होता. "वहिनी, मुंबईचा फोन!" अशी हाक आली की आई गॅस बारीक करून, पदराला हात पुसत जिना उतरायची. पुढे आमच्याकडे लँडलाइन आला तोही नंबर लावून, वाट बघून. त्यामुळे फोन ही घराला मिळणारी गोष्ट आहे, माणसाला नव्हे, हे आमच्या पिढीच्या डोक्यात घट्ट बसलेलं होतं.

31 जुलै 1995 ला कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना मोबाइलवरून फोन केला, तो देशातला पहिला. त्याचं आम्हाला काडीचं सोयरसुतक नव्हतं. मिनिटाला 16 रुपयांपर्यंत दर, आणि वर आलेल्या फोनचेही पैसे! बोलणार दुसरा, भुर्दंड आपल्याला. पगारदार घरात हे गणित बसण्यासारखं नव्हतंच.

ते बसलं 2003 साली. 1 मेपासून इनकमिंग फुकट झालं आणि जुलैत रिलायन्सनं 501 रुपये भरून मोबाइल घेऊन जा अशी योजना काढली. आमच्याकडे लगेच बैठक बसली. ठाण्याचे काका खास फोन करून सल्ला देत होते, दादानं पेपरातल्या जाहिराती कापून आणल्या होत्या आणि बाबा "लँडलाइन आहे की घरात" एवढंच परत परत म्हणत होते. सिमवाला की बिनसिमचा, हा मुख्य वाद. रिलायन्सच्या फोनमध्ये नंबर हँडसेटमध्येच भरलेला असायचा, सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालायची सोय नाही. "उद्या फोन पडला, फुटला, तर नंबरही गेला का?" या बाबांच्या एका प्रश्नावर तो पक्ष हरला.

मग नोकिया. 3310 की नवा 1100? 1100 वर बटणांवरून सलग रबरी आवरण होतं, त्यामुळे धूळ आत जात नसे, आणि माथ्यावर टॉर्च. भारनियमनाच्या महाराष्ट्रात टॉर्च हा किरकोळ मुद्दा नव्हता. रंगीत पडदा नाही, कॅमेरा नाही, तरी या फोनचे जगभरात 25 कोटींहून जास्त नग खपले. कॅमेऱ्याचं म्हणाल तर "तो वेगळा आहे ना आपल्याकडे" असं प्रत्येक घरात कुणीतरी म्हणालंच. बारशापासून सहलींपर्यंतचे सगळे फोटो त्या एका कॅमेऱ्यानंच काढलेले होते.

या सगळ्यात आईला कुणी काही विचारल्याचं मला आठवत नाही. ती चहा टाकत होती.

घरात आलेला तो पहिला मोबाइल बाबांच्या नावावर, पण तो कुणा एकाचा नव्हता. बाहेरगावी जो जाईल त्याच्या खिशात जायचा, परत आला की शोकेसमध्ये, क्रोशाच्या रुमालावर. गावाला निघालेल्या माणसाला डबा आणि पाण्याची बाटली दिली जायची, तसा मोबाइल दिला जायचा, "बॅलन्स संपवू नकोस" या सूचनेसकट. बॅलन्स म्हणजे कुपन खरवडून, चौदा-सोळा आकडे चष्मा लावून वाचून भरलेला. एकानं वाचायचे, दुसऱ्यानं दाबायचे. एक आकडा चुकला की पहिल्यापासून.

मुंबईचं सर्कल वेगळं आणि उरलेल्या महाराष्ट्राचं, गोव्यासकट, वेगळं. त्यामुळे ठाण्याचे काका साताऱ्याला यायला निघाले की घाट चढतानाच फोन बंद करून टाकत, रोमिंगमध्ये फोन आला तर पैसे पडतील म्हणून. म्हणजे माणसाची खबर हवी नेमकी तेव्हा मोबाइल बंद. तरी त्यांच्या शर्टाच्या खिशातून तो अर्धा बाहेर डोकावत असे, हे सांगायला हवं.

बोलायला पैसे, मेसेजला पैसे, म्हणून मिसकॉल. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे निघालो, आणि रिंग वाजतच राहिली तर उचला, काहीतरी झालंय. प्रत्येक घराची ही सांकेतिक लिपी वेगळी. मेसेज करायचा तर 160 अक्षरांची मर्यादा. देवनागरीत 70 च बसत, आणि तेही समोरच्याच्या फोनवर उमटेल याची खात्री नाही, चौकोनच दिसायचे. म्हणून सगळी मराठी इंग्रजी लिपीत. 'पोचलो' लिहायला पंधरा वेळा बटण दाबावं लागे: सात एकदा, सहा तीनदा, दोन तीनदा, चार दोनदा, पाच तीनदा, पुन्हा सहा तीनदा. आमच्या अंगठ्यांना ते पाठ होतं. दिवाळीला मेसेजचं पॅक चालत नसे, त्या दिवशी पूर्ण दर, म्हणून शुभेच्छा आदल्या रात्रीच सुटायच्या आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे कुणाचा मेसेज आलाच तर तो माणूस दिलदार ठरायचा.

मग दादाला नोकरी लागली, त्याचा स्वतःचा फोन आला आणि घरात उतरंड सुरू झाली. दादानं नवा घेतला की त्याचा जुना मला, माझा बाबांना, बाबांचा आईला. आईकडे पोचेपर्यंत बटणांवरचे आकडे पुसलेले, मागचं झाकण रबरबँडनं धरलेलं. चार्जरचाही घोळ: आधीच्या फोनची पिन जाड, नंतरच्याची बारीक, आणि स्वयंपाकघरातल्या प्लगला लटकलेला चार्जर नेमका दुसराच. मधे चुलतभावानं हौसेनं आणलेला एक चायना मोबाइलही तिच्या वाट्याला आला. दोन सिम, टीव्हीची अँटेना, आणि आवाज असा की वाड्यात सगळ्यांना कळे कुणाचा फोन आलाय. 30 नोव्हेंबर 2009 नंतर आयएमईआय नसलेले फोन सरकारनं बंद करायला लावले, तेव्हा तोही मुका झाला. आईला तो आवडला होता, हे तेव्हा आम्ही कुणी मनावर घेतलं नाही.

खरं तर घरात फोनचा फोन म्हणून वापर तिचाच सर्वांत जास्त. आम्ही सापाचा खेळ खेळत होतो, रिंगटोन बदलत होतो. माहेरची खबर, आजीचं औषध, गावाकडची पेरणी, आत्याच्या जावेचं बाळंतपण हे सगळं तिच्याच कानावरून जात होतं. दूधवाला, गॅसवाला, शिकवणीच्या बाई, सगळे नंबर तिला तोंडपाठ. आणि घरातला एकही फोन तिच्यासाठी म्हणून निवडलेला नव्हता. तुमच्याकडे वेगळं होतं का? मी मैत्रिणींना विचारून पाहिलं. सगळ्यांकडे आईचा फोन वरून खालीच आलेला.

स्मार्टफोनही तसाच आला, काचेला एका कोपऱ्यात तडा गेलेला. सगळे म्हणायचे, तिला जमत नाही. तिला सगळं जमत होतं, व्हॉट्सॲपवर भाचीच्या लग्नाच्या साड्यासुद्धा तिनंच ठरवल्या. अडचण एवढीच की कणीक मळताना फोन आला तर काचेवर पिठाचं बोट सरकत नाही. बटणाला पिठाचं काही वाटत नाही.

यंदा तिनंच सांगितलं, मला बटणांचा फोन हवा, नवा. बाबांना आणि मला घेऊन ती राजवाड्याजवळच्या दुकानात गेली. दुकानदारानं सवयीनं आमच्याकडे बघत बोलायला सुरुवात केली, तिनं फोन स्वतःच्या हातात घेतला. आधी न बघता अंगठ्यानं पाचावरची बारीक उंचवट्याची खूण शोधली. ती सापडली की बाकीचे आकडे आपोआप. मग रिंग वाजवून बघितली, बंद पंख्याखाली नाही, चालू पंख्याखाली. सिलिंडर देताना माणूस कोड मागतो, तो मेसेज चष्म्याशिवाय वाचता येतो का ते पाहिलं. मी मधे तोंड घातलं ते एवढ्यासाठीच की आमच्या सिमला टूजी चालत नाही, डब्यावर 4जी लिहिलेलं बघून घ्या. बॅटरी निघते का, वेगळी मिळते का, हे तिनं विचारलं. दुकानदारानं कॅमेऱ्याचा एक पुढे केला.

"फोटो काढायला घरात चार जण आहेत. याचं पाच नंबरचं बटण बघा, हलतंय."

बाबा दुकानाच्या पायरीवरून म्हणाले, "अगं, झालं का? साधा फोन तर घ्यायचाय."

"थांबा जरा. अजून दोन काढायला सांगितलेत."