थेंबांचा हिशेब

सांताक्रूझ म्हटलं की लोकांना वेधशाळा आठवते, २६ जुलै २००५चा ९४४ मिलिमीटर पाऊस आठवतो. मी इथे नर्स आहे. मी सलाइनचे थेंब मोजते. साध्या सेटमध्ये २० थेंबांचा एक मिलिलिटर. पण बाटलीपेक्षा हात जास्त बघावा लागतो. सुईपाशी दुखणं, लाली, सूज, यातलं काहीही दोन दिसलं की शीर सुजायला लागली. कॅन्युला काढून दुसरीकडे लावायची. शीर दोरीसारखी कडक लागेपर्यंत थांबायचं नाही.

आज्या मात्र हात पदराखाली लपवतात. "राहू दे गं, पुन्हा टोचू नकोस." सलाइन म्हणजे दुखणारच, असं त्यांनी गृहीत धरलेलं असतं. म्हणून मी "दुखतंय का?" विचारत नाही. "हात दाखवा," म्हणते.